बीपीची गोळी : चिठ्ठी हातात पडल्यापासून पुढच्या तपासणीपर्यंत

औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून मला बरीच वर्षं झाली. दिवसाआड तरी कुणीतरी विचारतंच, "आज मशीनवर १२४ आलंय, मग आज गोळी नको ना?" हे विचारणारा माणूस बेफिकीर नसतो. त्याने मशीन विकत घेतलेलं असतं, वही घातलेली असते. घोळ एकाच ठिकाणी होतो. ताप आला की तापाची गोळी घ्यायची, तशी बीपी वाढलं की बीपीची गोळी घ्यायची, असं तो धरून चालतो. पण आजचा १२४ हा काल-परवाच्या गोळीनेच आणलेला असतो. ती थांबवली की आकडा पुन्हा वर सरकू लागतो, आणि वाढलेलं बीपी दुखत-खुपत नसल्यामुळे घरात कुणाला पत्ताही लागत नाही.

म्हणून आधी एवढं पक्कं करा. गोळी रोज घ्यायची, आकडा वहीत लिहायचा, वही डॉक्टरांना दाखवायची. गोळी कमी करायची की वाढवायची हे ते ठरवतील. पुढची सगळी कामं याच क्रमाने आहेत. उदाहरणं मी जास्त करून ॲम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन या दोन औषधांची घेतली आहेत, कारण माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर हीच नावं सारखी दिसतात.

## १. डॉक्टरांच्या खोलीतून उठण्याआधी

घरात चालू असलेली प्रत्येक गोळी, मलम, थेंब, काढा, चूर्ण एका पिशवीत घालून ती पिशवीच घेऊन जा. "एक पांढरी गोळी सकाळी घेते" एवढ्यावरून कुणालाही काही कळत नाही. पांढऱ्या गोळ्या शेकडो आहेत.

विचारलं नाही तरी पुढच्या गोष्टी स्वतःहून सांगा: दमा, मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास, गाऊट म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधे दुखणं, आधी एखाद्या औषधाने ओठ किंवा चेहरा सुजला असेल तर तेही. गुडघेदुखीसाठी अधूनमधून गोळी घेत असाल तर ती आवर्जून सांगा. लोक हीच सांगायची विसरतात, कारण ती "कधीतरीच" असते.

उठण्याआधी डॉक्टरांकडून चार उत्तरं घ्या आणि चिठ्ठीच्या मागे लिहा. गोळी कोणत्या वेळी घ्यायची? माझा आकडा किती असायला हवा? रक्ताची तपासणी कधी करायची? पुन्हा कधी यायचं? घरी मोजलेल्या बीपीची सरासरी १३५/८५ च्या खाली असावी, असं साधारणपणे धरतात. पण मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा वय ऐंशीच्या पुढे असेल तर तुमच्यापुरता आकडा वेगळा असू शकतो. तो शेजाऱ्याच्या आकड्यावरून ठरवू नका.

सावध : टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन, तसंच रामिप्रिल, एनालाप्रिल ही औषधं गरोदरपणात चालत नाहीत, बाळाला इजा होते. मूल होऊ देण्याचा विचार असेल तर तो आधीच सांगा. गोळी चालू असताना पाळी चुकली तर पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

## २. दुकानात पट्टी हातात घेऊन वाचा

पट्टीवर दोन नावं असतात. एक असतं कंपनीने ठेवलेलं नाव. त्याच्या जवळपास औषधाचं खरं नाव आणि मात्रा असते, उदाहरणार्थ टेल्मिसार्टन ४० मि.ग्रॅ. लक्षात ठेवायचं ते औषधाचं खरं नाव. नजर कमी असेल तर फोनवर पट्टीचा फोटो काढून मोठा करून बघा.

हे का, ते सांगते. एक काकू गुडघ्याच्या डॉक्टरांकडे गेल्या. तिथे बीपी जास्त आलं म्हणून त्यांनी एक गोळी लिहून दिली. घरी आधीची गोळी चालूच होती. दोन्ही पट्ट्यांची नावं वेगळी, रंग वेगळे, म्हणून काकू दोन्ही घेत राहिल्या. आठवडाभराने उठताना त्यांना अंधारी येऊ लागली. दोन्ही पट्ट्या माझ्या काउंटरवर शेजारीशेजारी ठेवल्या तेव्हा दिसलं की दोन्हींवर बारीक अक्षरात टेल्मिसार्टनच आहे. त्या दिवसापासून नवीन चिठ्ठी आली की मी आधी जुनी पट्टी दाखवायला सांगते.

दुसरा घोळ नावापुढच्या अक्षरांचा. एकाच नावापुढे वेगवेगळी शेपटं लागतात. 'एएम' असेल तर बहुतेक वेळा त्यात ॲम्लोडिपिन मिसळलेलं असतं, 'एच' म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड ही लघवी वाढवणारी गोळी. 'सीटी' किंवा 'सीएच' असेल तर सहसा क्लोरथॅलिडोन. 'एक्सएल', 'ईआर', 'एसआर' यांचा अर्थ गोळी पोटात गेल्यावर सावकाश विरघळणार. नुसतं नाव आणि शेपूट लावलेलं नाव ही दोन वेगळी औषधं आहेत. "तेच आहे हो, फक्त पुढे एच आहे" असं कुणी म्हणालं तर घेऊ नका.

जनऔषधी केंद्रातून किंवा सरकारी दवाखान्यातून गोळी घेतली तर कंपनीचं नाव आणि रंग बदलतो. घाबरायचं कारण नाही, औषधाचं नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा जुळला पाहिजे.

आता मोजणी. पट्टी दहाची, चौदाची किंवा पंधराची असते. पंधराच्या दोन पट्ट्या नेल्या तर ३१ दिवसांच्या महिन्यात शेवटच्या दिवशी डबी रिकामी होते, आणि नेमका तो रविवार निघतो. पाच-सात गोळ्या नेहमी वरकड ठेवा.

तपासा : पट्टी कापून घेत असाल तर मुदतीची तारीख कोणत्या तुकड्यावर आहे ते बघा. ती बऱ्याच पट्ट्यांवर एकाच टोकाला छापलेली असते. तो तुकडा दुकानातच राहिला तर तुमच्या हातात नाव नसलेल्या, तारीख नसलेल्या चार गोळ्या उरतात. शक्यतो पूर्ण पट्टीच घ्या.

## ३. घरात ठेवायची जागा

टेल्मिसार्टनच्या बाबतीत इथे फार चुका होतात. ही गोळी हवेतली ओल पटकन ओढते. त्यामुळे ती घ्यायच्या क्षणापर्यंत पट्टीतच राहायला हवी. आठवड्याच्या सात कप्प्यांच्या डब्या मिळतात. त्यात रविवारी बसून सगळ्या गोळ्या सोडून भरायची पद्धत चांगली वाटते, पण टेल्मिसार्टनला ती चालत नाही. जुलैत एकांनी मला अशीच डबी उघडून दाखवली होती. कप्प्याच्या तळाशी गोळी फुगून मऊ झालेली, नखाने दाबली तर खूण उमटत होती. डबी वापरायचीच असेल तर कात्रीने पट्टीचे एकेक गोळीचे चौकोन कापा आणि पाकिटासकट कप्प्यात ठेवा. फॉइलचं तोंड उघडं पडणार नाही एवढी कड ठेवून कापा. कापण्याआधी नाव आणि तारीख डबीच्या झाकणावर चिकटवा.

स्वयंपाकघरात गॅसजवळचं फडताळ, न्हाणीघराचं कपाट, फ्रिजचा माथा, उन्हाची खिडकी, गाडीचा कप्पा या जागा टाळा. पट्टीवर सहसा २५ किंवा ३० अंशांच्या खाली ठेवा असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे बंद गाडीत ठेवलेल्या गोळ्यांचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. कपड्यांच्या कपाटातला मधला खण चांगला. नातवंडं घरात असतील तर वरचा खण, कुलपासह. मोठ्यांच्या बीपीच्या एक-दोन गोळ्यासुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी पट्टी हातात घेऊन लगेच रुग्णालय गाठा.

## ४. वेळ ठरवा आणि रोजच्या कामाला बांधा

सकाळी की रात्री, यावर घराघरात वाद असतात. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल २०२२ साली प्रसिद्ध झाले. सकाळी गोळी घेणारे आणि संध्याकाळी घेणारे, दोघांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचं आणि पक्षाघाताचं प्रमाण सारखंच निघालं. तेव्हा जी वेळ तुम्हाला न चुकता साधेल ती घ्या. याला दोन अपवाद. लघवी वाढवणारी गोळी सकाळीच घ्यावी, नाहीतर रात्री तीनदा उठावं लागतं आणि म्हातारी माणसं अंधारात पडतात. आणि प्राझोसिन हे बीपीचं औषध नव्याने सुरू करताना पहिली मात्रा झोपायच्या वेळी, अंथरुणावर बसूनच घ्यायची, कारण पहिल्या गोळीने बीपी एकदम उतरून चक्कर येऊ शकते.

ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन दोन्ही उपाशीपोटी किंवा जेवल्यावर कशीही चालतात. "नाश्ता झाला नाही म्हणून गोळी राहिली" हे कारणच उरत नाही. सकाळचा चहा, दात घासणं, देवपूजा, जे तुमच्याकडून कधीच चुकत नाही त्याच्या आधी गोळी घ्यायची. आधी म्हणजे आधीच. नंतर घेऊ म्हटलं की दूधवाला येतो, फोन वाजतो.

"आज घेतली की नाही?" या शंकेवर माझ्याकडे एक साधा उपाय आहे. नवी पट्टी आणली की पेनाने प्रत्येक गोळीमागच्या फॉइलवर तारीख लिहा. फॉइल फाटू नये म्हणून हलक्या हाताने. आज १४ तारीख आणि १४ ची गोळी जागेवर दिसली तर घ्यायची, नसली तर घेतली आहे. विसरभोळ्या माणसाच्या घरात हा उपाय फोनच्या घंटेपेक्षा जास्त उपयोगी पडतो. घंटा वाजते आणि माणूस ती बंद करून पुन्हा भाजी निवडायला बसतो.

सावध : 'एक्सएल', 'ईआर', 'एसआर', 'रिटार्ड' असं लिहिलेली गोळी कुटू नका, चावू नका. दिवसभर हळूहळू उतरायचं औषध एकदम रक्तात जातं. अर्धी करायची असेल तर मध्ये रेघ आहे का बघा आणि आधी विचारा. गिळायला त्रास होत असेल तर सांगा, दुसरा प्रकार मिळू शकतो.

## ५. बीपी मोजणं

मशीन दंडाचं घ्या. मनगटावरची मशीनं हात थोडा खाली-वर झाला तरी वेगळा आकडा देतात. दंडाचा घेर टेपने मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापाशी जुळवा. सोबत येणारा पट्टा बहुतेक २२ ते ३२ सेंटिमीटरचा असतो. जाड दंडाला तो आखूड पडला तर आकडा खोटाच जास्त दिसतो, आणि त्या खोट्या आकड्यावर गोळी वाढवली जाते.

क्रम असा ठेवा.

1. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू, मिसरी, विडी, जिना चढणं नको. मिसरी हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. ती व्यसनात धरलीच जात नाही, पण तंबाखूच ती.
2. लघवीला जाऊन या.
3. पाठ टेकेल अशा खुर्चीवर बसा. पावलं जमिनीवर सपाट. पायावर पाय नको, मांडी घालून नको.
4. दंड उघडा करा. स्वेटरवर किंवा जाड बाहीवर पट्टा बांधू नका. बाही वर सारल्याने दंडाला करकोचा पडत असेल तर बाहीतून हात काढा.
5. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर. हात टेबलावर उशी घेऊन असा ठेवा की पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीत येईल.
6. पाच मिनिटं गप्प बसा. टीव्ही बंद, फोन दूर. मोजताना बोलायचं नाही, दुसऱ्याचं ऐकून मानही डोलवायची नाही.
7. पहिल्यांदा मोजाल तेव्हा दोन्ही हातांचं बघा. ज्या हाताचं जास्त येईल तोच हात पुढे कायम वापरा.
8. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. आवडला तो एकच लिहायचा नाही.

तपासणीला जाण्याआधीचा आठवडा सकाळ-संध्याकाळ असं मोजा. सकाळचं मोजमाप गोळी आणि नाश्ता यांच्या आधी. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. एरवी, बीपी स्थिर असताना, रोज मोजायची गरज नसते. दर तासाला मशीन लावणारी माणसं मी पाहिली आहेत. काळजीनेच त्यांचा आकडा चढतो, चढलेला बघून काळजी आणखी वाढते. अशा घरात मशीन काही दिवस मुलाच्या किंवा सुनेच्या ताब्यात द्यावं.

वहीत पाच रकाने पुरतात: तारीख, वेळ, वरचा-खालचा आकडा, नाडी, आणि शेरा. शेऱ्यात "रात्री झोप नाही", "लग्नाचं जेवण", "गोळी चुकली" एवढंच.

तपासा : नाडी अनियमित असल्याचं चिन्ह मशीनवर वारंवार येत असेल तर आकड्यावर विसंबू नका, डॉक्टरांना सांगा. ठोके अनियमित असताना मशीन चुकतं. शिवाय ते चिन्ह हृदयाच्या वेगळ्या त्रासाचंही असू शकतं.

## ६. पहिले काही आठवडे

"चार दिवस झाले, फरकच नाही" म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ नका. ॲम्लोडिपिनला पूर्ण लागू पडायला एक-दोन आठवडे जातात, टेल्मिसार्टनला चारेक आठवडे लागू शकतात. घाई केली तर दुसरी गोळी चढते, आणि मग दोन्हींचा परिणाम एकदम दिसू लागतो.

सुरुवातीला उठताना चक्कर येऊ शकते. सकाळी आधी कुशीवर वळा, मग पलंगाच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसा, मग उठा. वयस्कर माणसाला चक्कर येत असेल तर बसून एकदा आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा बीपी मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल तर ते लिहून डॉक्टरांना कळवा.

ॲम्लोडिपिनने संध्याकाळपर्यंत घोटे सुजतात, चप्पल घट्ट होते, मोज्याचा वळ उमटतो. ही सूज पाण्याची असली तरी शेजारणीची लघवीची गोळी घेऊन ती नीट उतरत नाही, आणि अंगातलं मीठ-पाणी मात्र बिघडतं. डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा जोडीला दुसरं औषध देतात, तेव्हा उतरते. सुजेबरोबर दम लागत असेल किंवा एकच पाय सुजला असेल तर त्याच दिवशी दाखवा, कारण तेव्हा कारण वेगळं असू शकतं. हिरड्या सुजल्या तर दातांच्या डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचं सांगा.

रामिप्रिल, एनालाप्रिल यांनी घशात खवखवणारा कोरडा खोकला लागतो, कधी कधी सुरू केल्यावर काही महिन्यांनीसुद्धा. लोक खोकल्याच्या बाटल्यांवर बाटल्या संपवतात. औषध बदललं की तो जातो.

टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा लघवीची गोळी सुरू केल्यावर साधारण एक ते चार आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालतंय का ते यावरून कळतं), पोटॅशियम आणि सोडियम तपासायला सांगतात. ही तपासणी टाळू नका. विशेषतः लघवीच्या गोळीवर असलेलं म्हातारं माणूस अचानक गळून गेलं, गोंधळल्यासारखं बोलू लागलं तर "वयामुळे" म्हणून सोडून देऊ नका. सोडियम उतरलेलं असू शकतं.

लगेच रुग्णालय : ओठ, जीभ, चेहरा किंवा घसा सुजणं, श्वासाला अडणं. पुढची गोळी घ्यायची नाही, वाट बघायची नाही.

## ७. गोळी चुकली तर

त्याच दिवशी आठवलं तर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या आणि पुढची नेहमीच्या वेळी घ्या. ॲम्लोडिपिनसाठी बारा तासांची हद्द लक्षात ठेवायला सोपी आहे. कालची आणि आजची मिळून दोन कधीही घ्यायच्या नाहीत. गोळी घेतल्यावर उलटी झाली तरी स्वतःहून दुसरी घेऊ नका.

मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल आणि क्लोनिडिन यांच्याबाबत मात्र जास्त जपा. ही एकदम बंद पडली तर बीपी आणि ठोके उसळी मारतात, हृदयरोग असलेल्याला छातीत दुखू शकतं. यांच्या पट्टीतल्या शेवटच्या सात गोळ्या उरल्या की नवी पट्टी आणायचीच. प्रवासात यांची पट्टी सामानात टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. मधुमेह्यांसाठी आणखी एक: साखर उतरताना होणारी धडधड आणि थरथर या गोळ्या झाकतात. घाम मात्र फुटतो. घाम फुटला की साखर तपासा.

## ८. बीपीच्या गोळीसोबत काय घेऊ नये

दुखण्याच्या गोळ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन. या अंगात पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल, सोबत लघवीची गोळी, आणि वरून दुखण्याची गोळी अशी तीन एकत्र आली तर मूत्रपिंडाला धक्का बसू शकतो. भातलावणीच्या दिवसांत कंबर धरली म्हणून आठवडाभर या गोळ्या मागणारे खूप येतात, आणि मी दर वेळी विचारते, बीपीची गोळी आहे का? साध्या दुखण्याला पॅरासिटॅमॉल बरी, तीही फसफसणारी नको, तिच्यात सोडियम भरपूर असतं. पित्तावर पाण्यात टाकतात त्या सोड्याच्या पुडीचंही तेच.

सर्दीच्या गोळ्या. नाक मोकळं करणाऱ्या बऱ्याच गोळ्यांमध्ये फिनाइलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं. दोन्ही बीपी वाढवतात. "सर्दीची द्या" एवढंच म्हणू नका, "बीपी आहे, सर्दीची द्या" म्हणा.

ज्येष्ठमध. घसा बसला की काडी चघळायची किंवा काढ्यात घालायची आपली सवय. एखाद्या वेळी ठीक, पण रोज काही आठवडे घेतलं तर त्याने बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं.

कमी सोडियमचं मीठ. जाहिरात बीपीवाल्यांसाठीच असते. पण त्यातलं काही सोडियम काढून पोटॅशियम घातलेलं असतं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही औषधंही पोटॅशियम वाढवतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर दोन्ही मिळून ते धोक्याच्या पातळीवर जातं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. विचारल्याशिवाय हे मीठ सुरू करू नका. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी रोजचं शहाळंही विचारूनच घ्यावं.

साधं मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, सगळं धरून. भाजीत मीठ कमी आणि ताटात लोणचं, पापड, ठेचा, फरसाण असेल तर हिशेब तिथेच बुडतो.

## ९. उपवास, जुलाब, ऊन, शस्त्रक्रिया

उपवासाला गोळी बंद नाही. एकादशी असो, नवरात्र असो, गोळी पाण्याबरोबर घ्यायची. निर्जळी उपवास करायचा असेल तर आठ दिवस आधी डॉक्टरांशी बोला. रोजे धरणाऱ्यांनी सेहरी आणि इफ्तारच्या वेळा सांगून गोळीची वेळ बसवून घ्यावी. उपवासाला सैंधव चालतं म्हणून ते बीपीलाही चालतं, असं धरू नका. त्यातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं.

दोन-तीनदा उलट्या किंवा पाण्यासारखे जुलाब झाले, खाणंपिणं थांबलं, तर अंगातलं पाणी कमी होतं. अशा वेळी टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा लघवीची गोळी चालू ठेवायची की दोन दिवस थांबवायची, हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. बहुतेक वेळा खाणंपिणं सुरळीत होईपर्यंत ती थांबवायला सांगतात. पण कोणती थांबवायची आणि कधी सुरू करायची हे त्यांच्याच तोंडून ऐका. हा प्रश्न आजारी पडण्याआधीच, पुढच्या भेटीत विचारून ठेवला तर फारच चांगलं.

वारीला जाणाऱ्यांनी, उन्हात शेतावर असणाऱ्यांनी लघवी गडद होते का, उठताना गरगरतं का, यावर लक्ष ठेवावं. वरचा आकडा ९० च्या खाली आणि चक्कर, तर सावलीत आडवे व्हा, पाय उंच ठेवा, डॉक्टरांना फोन लावा. वारीच्या पिशवीत गोळ्या पट्टीसकट, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून, आणि चिठ्ठीची एक प्रत.

शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवा. काही आदल्या दिवशी थांबवतात, मेटोप्रोलॉलसारख्या सहसा चालू ठेवतात. उपाशीपोटी रक्त तपासायला द्यायचं असेल तर त्यासाठी बीपीची गोळी टाळायची नसते, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. वेगळं सांगितलं असेल तरच थांबायचं.

## १०. आकडा फार वर गेला तर

१८०/१२० किंवा त्याच्या पुढे आकडा आला तर आधी पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तेवढाच आला आणि सोबत छातीत दुखतंय, दम लागतोय, तोंड वाकडं झालंय, एका बाजूचा हात-पाय लुळा पडतोय, बोलणं अडखळतंय, दिसणं अंधुक झालंय किंवा डोकं कधी नव्हे इतकं दुखतंय, यांपैकी काहीही असेल तर १०८ ला फोन करा. ही लक्षणं असतील तर आकड्यासाठी पाच मिनिटंही थांबू नका. माणसाला उठवून चालवत नेऊ नका. तोंड वाकडं झालं असेल, बोलणं अडखळत असेल तर पाणीही पाजू नका, ते श्वासनळीत जातं. त्रास कितीला सुरू झाला ती वेळ लिहून ठेवा. रुग्णालयात पहिला प्रश्न तोच विचारतात.

आकडा तेवढा आहे पण त्रास काहीच नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. आजची गोळी घ्यायची राहिली असेल तर ती घ्या. जादा गोळी नको.

सावध : जिभेखाली निफेडिपिन या बीपीच्या औषधाची कॅप्सूल फोडून घालायची पद्धत एके काळी होती. अजूनही कुणी सांगतं. करू नका. बीपी धाडकन उतरतं, मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि पक्षाघात टळण्याऐवजी ओढवतो.

## ११. पुढची तपासणी आणि जुन्या पट्ट्या

जाताना वही, चालू पट्ट्या आणि बीपीचं मशीनसुद्धा घेऊन जा. वर्षातून एकदा तरी दवाखान्यातल्या मशीनशेजारी तुमचं मशीन लावून बघा, किती फरक पडतो ते कळतं. चुकलेल्या गोळ्यांची संख्या खरी सांगा. दहा चुकल्या आणि "रोज घेते" म्हणालात, तर औषध लागू पडत नाही असं समजून मात्रा दुप्पट होईल. मग घरी गेल्यावर ती तुम्ही नियमाने घेऊ लागलात की बीपी खाली कोसळेल. पैशांची अडचण असेल तर तीही सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्रांत बीपीच्या नेहमीच्या गोळ्या मोफत मिळतात.

गोळी बदलून दिली की आणखी एक प्रश्न विचारायचाच: "जुनी बंद करायची, की दोन्ही घ्यायच्या?" उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या. बंद करायची असेल तर घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी ती पट्टी रोजच्या डबीतून बाहेर काढा. "असू दे, लागेल कधी" म्हणून ठेवू नका, शेजारी कुणाला देऊ नका. गोळ्या पट्टीतून काढून वापरलेल्या चहापत्तीत मिसळा, पिशवी गाठ मारून कचऱ्यात टाका आणि रिकामी पट्टी कात्रीने कापून वेगळी टाका. मग नवी पट्टी डबीत ठेवा आणि पेन घेऊन मागच्या फॉइलवर उद्याची तारीख घाला.